वेल्डन लाकडाचं बघतो

वेल्डन स्कॉगिन्स जन्मात एकदाही नाचला नाही, हे आधीच सांगून टाकते. बाहेरगावची माणसं त्याला हटकून आमच्या स्विंग संगीताच्या महोत्सवातला जुना अट्टल नाचणारा समजतात, आणि मला दरवर्षी त्यांचा गैरसमज दूर करत बसावं लागतं. चौतीस वर्षं ज्या फ्लोअरवर अख्खं ब्रिस्को वेल्स गाव नाचलं, ते फ्लोअर त्याने टाकलं, त्यानेच राखलं, आणि त्यावरून तो चालला तो फक्त झाडू घेऊन, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर.

मी लवेटा. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या लोकांची नाकं मी पुसलेली आहेत, त्यामुळे ते माझ्यापुढे फार शहाणपणा करत नाहीत. महोत्सवात नाचाच्या शेडच्या दाराशी माझा ठेला असतो. सुक्या पीचचं सारण भरून तळलेल्या करंज्या विकते. मीही नाचत नाही. वेल्डन आणि मी एकाच चर्चचे, आणि आमच्या चर्चला नाच चालत नाही. करंज्या विकणं म्हणजे नाचणं नव्हे, एवढं मी माझ्यापुरतं ठरवून घेतलंय.

आमच्या चर्चमध्ये वाद्यसुद्धा नाही. पियानो नाही, ऑर्गन नाही, काही नाही. देवाने गळा दिलाय, तेवढा पुरे. त्यामुळे रविवारी पुढे उभं राहून गाणं उचलणारा एक माणूस लागतो. तो सूर देणारी छोटीशी गोल पिपाणी तोंडाला लावून एक सूर फुंकतो, हात वर करतो, आणि मग दीडशे माणसं त्या सुरावर गातात. एकेचाळीस वर्षं तो माणूस म्हणजे वेल्डन. एरवी सुतारकाम करणारा, अगदी घुमा. दुकानात दोन खिळे मागायचे तरी बोटं दाखवेल. पण रविवारी सकाळी त्याने हात वर केला की माझ्यासारख्या फाटक्या आवाजाच्या बाईलाही वाटायचं, अरे, आपल्याला येतं की गाता! त्याला दुसरी कसली हौस नव्हती. मासेमारी नाही, शिकार नाही, टीव्हीवरचा फुटबॉल नाही. रविवार होता.

आणि एप्रिलमधला शेवटचा शनिवार होता, महोत्सवाचा.

त्याचं असं झालं की गावची शाळा बंद पडली, पोरं शेजारच्या गावात जाऊ लागली, आणि जुन्या बास्केटबॉलच्या जिमच्या जमिनीचं लाकूड पेटवून द्यायचं ठरलं. मेपलचं लाकूड हो, पेटवायला! वेल्डन तिथे गेला आणि म्हणाला, मला द्या. त्याच सुमाराला महोत्सव सुरू होत होता. कापसाच्या जुन्या जिनिंगची शेड मिळाली होती, ओक्लाहोमाचे बँड यायला तयार होते, पण खाली सिमेंट. सिमेंटवर दोन तास टू-स्टेपचा जोडीनाच करून बघा, गुडघे रजा मागतात. मग वेल्डनने फळ्या तिथे नेऊन जोडल्या. बास्केटबॉलच्या रेघा अजून त्यावर आहेत, पण सगळ्या उलटसुलट. लाल रेघ इथे सुरू होते आणि चार हात पलीकडे तिरकी होऊन संपते.

आमचे त्या वेळचे पाद्री त्याला भेटायला गेले होते. "वेल्डन, हे बरं दिसतं का?" म्हणाले. वेल्डन म्हणाला, "मी लाकडाचं बघतो. वर कोण काय करतं ते माझ्याकडे नाही." पाद्री हसले. पुढे चौतीस वर्षं कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? चर्चची निम्मी माणसं त्या शनिवारी शेडमध्येच असायची. फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, ऐकायला येतो, असं म्हणायची. ऐकणं पाप नाही, पाय हलवणं पाप. आणि टेबलाखाली कुणाचे पाय काय करतात ते बघायला मी काही वाकत नव्हते.

फ्लोअर घसरतं ठेवायचं त्याचं तंत्रही साधंच होतं. मक्याचं जाडं पीठ, रव्यासारखं. ते ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायचं, त्यात मेणबत्तीचं मेण किसून मिसळायचं, आणि नाच सुरू व्हायच्या तासभर आधी कोंबड्यांना दाणे टाकतात तसं फेकत जायचं. दोन मुठी कमी पडल्या तर बूट अडतात, दोन जास्त पडल्या तर म्हातारी माणसं आडवी होतात. आमच्याकडे सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत नाचतात, म्हणून बाहेरच्या कडेला लवकर झीज होते आणि तिथे थोडं जास्त. बस.

त्याची बायको अल्बिना दक्षिणेकडच्या चेक वस्तीतली. कॅथलिक. त्यांच्यात लग्न म्हणजे आधी नाच, मग जेवण, मग परत नाच. ती आमच्या चर्चमध्ये कधी आली नाही, त्यामुळे तिला कुणी जाब विचारू शकत नव्हतं, आणि ती त्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. महोत्सवाच्या दिवशी दुपारी दोनला जी उतरायची ती संध्याकाळीच खाली बसायची. न्हाव्याबरोबर, पोस्टमनबरोबर, दिसेल त्याच्याबरोबर. मी एकदा विचारलं, "अगं, वेल्डनला काही वाटत नाही?"

"तो माझ्याकडे बघतो कुठे!" ती म्हणाली. "माझ्या टाचांकडे बघतो. टाच कुठे अडली की लगेच पीठ घेऊन धावतो. बावीस वर्षांची होते तेव्हापासून त्याचं लक्ष तिथेच आहे."

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात गार्लंड प्रुइट चर्चच्या वडीलमंडळात, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांत, आला.

गार्लंड ट्रॅक्टर विकायचा, आता निवृत्त आहे. माणूस वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात तो रोज आमच्या गुरांना चारा घालून जायचा. पण नियमाच्या बाबतीत त्याचं डोकं कुलपासारखं आहे, एकच किल्ली लागते. फेब्रुवारीत तो स्कॉगिन्सांच्या घरी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. पुढचं मला अल्बिनाने सांगितलं, आणि ती कधी मीठमसाला लावत नाही.

"वेल्डन, लोक विचारतात," गार्लंड म्हणाला.

"कोण लोक?"

"लोक."

"ते तर दरवर्षी तिथेच असतात," अल्बिना ओट्यापासून म्हणाली. "नावं हवीत का? लिहून देते."

गार्लंडने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "शनिवारी नाचाची तयारी करायची आणि रविवारी देवाचं गाणं उचलायचं, हे एका माणसाला शोभत नाही."

"मी लाकडाचं बघतो," वेल्डन म्हणाला.

"अरे, ते चौतीस वर्षं ऐकलं! लाकूड काय तू प्रार्थनेसाठी टाकलंयस? एक काय ते ठरव. फ्लोअर हवं तर फ्लोअर घे, मग रविवारी पुढे उभं राहायचं नाही. गाणं हवं असेल तर त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही."

वेल्डनने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी तो महोत्सवाच्या अध्यक्षीणबाईंकडे, कार्लीनकडे, गेला आणि म्हणाला, यंदा मी नाही. गाणं ठेवतो.

मला कळलं तेव्हा मी इतकी चिडले की दोन बशा फोडल्या. एक चुकून, एक मुद्दाम. पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. वर्षातला एक शनिवार एका बाजूला आणि बावन्न रविवार दुसऱ्या बाजूला. यात विचार कसला करायचा?

कार्लीनने फ्लोअरचं काम तिच्या दिराला दिलं. ट्रॉय. धडपड्या, हौशी, आवाज मोठा. वेल्डनने त्याला कागदावर नीट लिहून दिलं: मक्याचं जाडं पीठ, नुसतं, वाळवून, वर किसलेलं मेण. 'नुसतं' या शब्दाखाली दोन रेघा. आता महोत्सवाच्या आठवड्यात गावात काय चालतं ते ट्रॉयला माहीत नव्हतं असं नाही. शुक्रवारी मासे तळायचा कार्यक्रम असतो. मासे मक्याच्या पिठात घोळवूनच तळतात, आणि दुकानातलं साधं पीठ गुरुवारीच संपतं. ट्रॉय पोचला शुक्रवारी संध्याकाळी. साध्या पिठाचा कप्पा रिकामा. शेजारी मक्याच्या पावाच्या तयार मिश्रणाची पाकिटं ओळीने लावलेली, वर पिवळ्याधमक पावाचं चित्र, दूध-अंडं घाला आणि भाजा म्हणून. रंग तोच, मका तोच. ट्रॉयने चाळीस पाकिटं उचलली. "पीठ ते पीठ," असं तो नंतर म्हणाला. त्यात मैदा होता, सोडा होता आणि साखर होती.

शनिवारी ऊन बेताचं होतं, पण शेडमध्ये चारशे माणसं. वेल्डन अल्बिनाला सोडायला आला आणि शेडसमोर पिकअप लावून आतच बसून राहिला. शेडमध्ये पाऊल टाकायचं नव्हतं, समोर बसायला मनाई नव्हती. रस्त्यापलीकडे पशुखाद्याच्या दुकानासमोर गार्लंड घडीच्या खुर्चीवर बसला होता. जुन्या ट्रॅक्टरांची मिरवणूक बघायला आलोय, म्हणाला. मिरवणूक सकाळी अकराला होऊन गेली होती.

दोनला बँड सुरू झाला. दोन फिडल, स्टील गिटार, एक सॅक्सोफोन आणि मधूनमधून "आ-हाऽ" करणारा म्होरक्या. हे आमचं संगीत म्हणजे काउबॉयची फिडल आणि शहरातलं जॅझ यांना एकाच ट्रकच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसवलं तसं आहे. पहिली टू-स्टेप ठीक गेली. दुसरं गाणं वॉल्ट्झचं होतं, संथ गिरक्यांच्या नाचाचं, आणि त्यानंतर माझ्या ठेल्याशी जो येई तो कपाळ पुसत येई.

"लवेटाबाई, यंदा माझे पाय जड झाले बघा."

"वय झालं तुझं," मी म्हणायची.

"माझा गुडघा गेलाच म्हणायचा आता."

"गेल्या वर्षीच गेला होता की तो."

असं अर्धा तास चाललं. एकाही माणसाला फ्लोअरची शंका आली नाही. चौतीस वर्षांत ते कधी बिघडलंच नव्हतं ना, मग जो तो आपल्याच गुडघ्यांना बोल लावत होता. तिकडे लोकांचा घाम, कागदी पेल्यांतून सांडलेला थंड चहा आणि ट्रॉयचं पीठ यांचं व्यवस्थित कालवण होत होतं. मग न्यू मेक्सिकोहून दरवर्षी येणारी डोलोरेस नावाची बाई गिरकी घेताना पडली. वरचं शरीर फिरलं, बूट फिरलाच नाही. हातावर पडली. मनगटाचा आवाज मी दारापाशी ऐकला, खोटं नाही सांगत. बँड थांबला.

डोलोरेसला गाडीत घालून नेलं. ट्रॉय पांढराफटक पडून उभा होता. अल्बिना तशीच तरातरा बाहेर आली, थेट पिकअपपाशी गेली, एक बूट काढला आणि खिडकीतून वेल्डनच्या नाकासमोर धरला. तळव्याला पिवळा चिकट थर. मी पाचच पावलांवर होते.

वेल्डनने तो नखाने खरवडला आणि जिभेला लावला.

"साखर," तो म्हणाला.

"मग?" अल्बिना म्हणाली. "बसून राहणार आहेस?"

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. रस्त्यापलीकडे गार्लंड खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. मी मनात म्हटलं, उतरू नकोस रे बाबा. ट्रॉय खरवडेल, आम्ही सगळे खरवडू, तू बसून राहा. असं मला वाटलं, ते लपवत नाही. त्याच्या रविवारांत माझेही रविवार होते.

तो उतरला. शेडच्या दाराशी बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले आणि मोज्यांवर आत गेला.

पुढचे दोन तास मी त्याला पहिल्यांदाच हुकूम सोडताना पाहिलं. ट्रॉयला खरवडायला पत्रा दिला, फिडलवाल्यांना पुट्टी काढायच्या पट्ट्या, मला व्हिनेगरची बादली. "पाणी नको! पाण्याने फुगेल!" ओरडला चक्क. सॅक्सोफोनवाला गुडघ्यांवर बसून खरवडत होता. शेवटी पंखे लावून लाकूड कोरडं केलं. मग त्याने अल्बिनाला पीठ आणायला घरी पिटाळलं. तिच्या ओव्हनमध्ये दोन पराती पीठ वाळवून, मेण मिसळून तयार होतं. गुरुवारीच करून ठेवलं होतं म्हणे. कशासाठी, ते अल्बिनाने विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

पाचला वॉल्ट्झ पुन्हा सुरू झाला. कार्लीन त्याचं नाव माईकवरून घेणार होती, पण तोवर तो बूट घालून गेलाही होता. त्याच्या घराच्या फाटकाशी गार्लंड उभा होता. तिथे काय बोलणं झालं ते अल्बिनाकडून मला फोनवर कळलं. गार्लंड ओरडला नाही. उलट मऊ होता. म्हणाला, "वेल्डन, मला तुझं गाणं घालवायचं नाही. तू उद्या पुढे ये. चारचौघांत दोन शब्दांत चूक कबूल कर. पुढच्या रविवारपासून गाणं तुझं."

आमच्यात तशी रीत आहे. प्रवचन संपलं की एक गाणं होतं, आणि त्या वेळी ज्याच्या मनावर काही ओझं असेल तो उठून पुढच्या बाकावर जाऊन बसतो. वडीलमंडळातला एकजण त्याचा हात हातात घेतो, तो आपलं पाप सांगतो, सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि तिथून पुढे त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नसतो.

रविवारी गाणं गार्लंडच्या जावयाने उचललं. हॉलिस. सज्जन मुलगा आहे, पण सूर इतका वरचा लावला की बायकांची किंकाळी झाली आणि पुरुषांनी दुसऱ्या ओळीला नाद सोडला. वेल्डन चौथ्या बाकावर माझ्या शेजारी बसला होता. एकेचाळीस वर्षांत मी त्याला कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं, त्याच्या मानेमागे एक तीळ आहे हेसुद्धा मला तेव्हा कळलं.

शेवटचं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला तो उठला. मला हायसं वाटलं. जा, म्हटलं, दोन शब्द बोल आणि संपव एकदाचं. गार्लंडचाही चेहरा उजळला. त्याने वेल्डनचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि मला वाटतं ते मनापासून होतं.

"तुला काही कबूल करायचंय?"

"हो," वेल्डन म्हणाला. आणि मग वळून आमच्याकडे बघून बोलला. घुमा माणूस, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"काल दुपारी मी शेडसमोर गाडीत बसलो होतो. काच खाली होती. पहिल्याच वॉल्ट्झला मला कळलं. बूट लाकडावरून सरकतो तेव्हा एक आवाज येतो, तो येत नव्हता. चिकटून सुटल्यासारखा येत होता. मला कळलं, आणि मी बसून राहिलो. मला गाणं हवं होतं म्हणून बसून राहिलो. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत एक बाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी पहिल्या मिनिटाला उठलो असतो तर मोडलं नसतं. हे पाप आहे, आणि माझं आहे. मला फार वाईट वाटतंय."

गार्लंडने अजून हात सोडला नव्हता. त्याने मान खाली केली आणि अगदी हळू विचारलं, जणू त्यालाच उत्तर नको होतं, "आणि आत गेलास, त्याबद्दल?"

वेल्डनने विचार केला. तो विचार केल्याशिवाय उत्तर देतच नाही.

"त्याचं अजून वाईट वाटलेलं नाही, गार्लंड. वाटलं की पुन्हा पुढे येईन."

प्रार्थना तर करायलाच हवी होती. गार्लंडने डोळे मिटले. मग त्याने न्यू मेक्सिकोच्या डोलोरेसच्या मनगटासाठी प्रार्थना केली. तेवढीच.

याला आता दोन वर्षं झाली. वेल्डन पुन्हा पुढे गेलेला नाही. गाणं हॉलिसकडेच आहे, आणि तो अजूनही सूर वरचाच लावतो. वेल्डन माझ्या शेजारी बसतो आणि त्याच वरच्या सुरात, शिरा ताणून, तंतोतंत गातो. त्याने जरा खाली ओढलं तर अख्खं चर्च त्याच्या मागे येईल, हे लहान पोराला कळतं. एकदा मला राहवलं नाही. मी त्याला कोपर मारलं आणि कुजबुजले, "अरे, घे ना खाली! सगळे येतील तुझ्याबरोबर."

"येतील," तो म्हणाला. "म्हणून तर घेत नाही."

आणि हॉलिसच्या हाताकडे बघून पुढची ओळ धरली.